गरिबांच्या कमिटींत गरीब कोठें आहे?

शेतकरी, विणकर व कामकरी बंधुभगिनींनो,

आमच्या खेड्यांत आजकाल कमिट्यांचा सुकाळ झाला आहे. शाळेची कमिटी आहे, रेशनच्या दुकानावर नजर ठेवणारी दक्षता कमिटी आहे, पाण्याची आहे, तंटामुक्तीची आहे, आणि या सर्वांच्या वर ग्रामसभा आहे. पाऊस हुलकावणी देतो, पण कमिट्यांचें पीक कधीं बुडत नाहीं. या बहुतेकांच्या कागदावर हेतु एकच लिहिलेला असतो, कीं गरिबाचें दैन्य दूर व्हावें. असें असूनहि सांगोला, मंगळवेढ्याकडील कोरडवाहू शेतकरी, कोयता घेऊन दारोदार फिरणारा ऊसतोड्या, शहरांत विडी वळणारी बाई, यांचें दैन्य जेथल्या तेथें कां? पैसा कमी पडतो, अधिकारी ऐकत नाहींत, पुढारी खातात, अशीं उत्तरें आपण रोज ऐकतों. तीं खोटीं नाहींत. परंतु याहून मुळाशीं असलेलें एक उत्तर मला माझ्याच एका अपराधामुळें कळलें. तो अपराध आधीं कबूल करतों, मग इतरांविषयीं बोलतों.

मी शाळामास्तर. २००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या २१ व्या कलमानें शाळेला एक व्यवस्थापन समिति दिली. तिच्यांत निदान तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल घरच्या पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा मिळावी, असें तें कलम सांगतें. कायदा करणाऱ्यांनीं गरिबाच्या हातीं एवढें बहुमत क्वचितच दिलें असेल. मुख्याध्यापक हा या समितीचा सचिव. जिल्ह्यांतील एका लहान खेड्यांत हें सचिवपण माझ्याकडे होतें.

सभा ठेवावयाची दुपारीं अकरा वाजतां, कारण मास्तरला ती वेळ सोयीची. अकरा वाजतां मजुराचें घर रिकामें असतें. नवरा बायको दोघें खुरपायला किंवा मोळ्या बांधायला गेलेलीं. रोज बुडवून कोण येणार? म्हणून मीं एक सोपा मार्ग काढला. आदल्या रात्रीं घरीं बसून सभेचें प्रोसिडिंग लिहून काढावयाचें, आणि सकाळीं वही घेऊन दारोदार सह्या व अंगठे गोळा करावयाचे. असें मीं बरेच महिने केलें. एके सकाळीं अशाच एका शेतमजूर बाईच्या दारीं गेलों. ती समितीची सभासद. तिनें अंगठ्याला शाई लावून घेतली, आणि हात तसाच धरून म्हणाली,

"गुरुजी, अंगठा देते, पर आधी वाचून दावा. म्या कशाला हो म्हनले ते मला कळू द्या की."

मीं वाचलें: समितीनें पोषण आहाराची पाहणी केली, धान्य उत्तम आढळलें. त्यावर ती म्हणाली,

"मला कुनी इचारलंच न्हाई. तांदळात अळ्या हायत्या, पोरगं घरी येऊन सांगतंय. आन् मी म्हनं उत्तम म्हनले!"

तिनें शाई पदराला पुसली आणि कामावर निघून गेली. मी वही घेऊन तिच्या अंगणांत उभा राहिलों. ट्रेनिंग कॉलेजांत मला पाठ कसा घ्यावा हें शिकविलें होतें. गरिबाच्या नांवानें खोटें कसें लिहावें हें तेथें कोणी शिकविलें नव्हतें. तें मी नोकरींत आपण होऊन शिकलों. आणि मी कोणी शेटजी नव्हे, भटजी नव्हे. तुमच्यासारख्याच घरांतला, बापाच्या पाठीमागें औताला चाललेला माणूस!

त्या दिवसापासून सभा संध्याकाळीं सातला, शाळेच्या ओट्यावर भरूं लागली. देवळांत भरवा असें कांहींचें म्हणणें होतें. परंतु देवळांत सर्व जातींचीं माणसें सारख्या मोकळेपणानें बसत नाहींत, हें आपण सर्व जाणतों. पहिल्या दोन सभांत बायका गप्प बसल्या. तिसऱ्या सभेंत त्या बोलूं लागल्या, आणि मग मला लिहितां लिहितां पुरेवाट झाली. पोतें आलें कीं पालकांसमोर वजन करावें, वाढण्याआधीं एका आईनें चव घ्यावी, खराब पोतें दारांतूनच परत करावें, हे ठराव माझे नव्हेत, त्यांचे. ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं म्हातारी मागें राहते आणि कोणतें मूल तिच्यापाशीं राहूं शकेल, हें त्यांना तोंडपाठ होतें. माझ्या हजेरीपुस्तकांत तें कधींच सांपडलें नसतें. सांगावयाचें तात्पर्य हें, कीं गरिबीची माहिती गरिबापाशीं असते. ज्या कमिटींत तो बसत नाहीं, किंवा बसून बोलत नाहीं, ती कमिटी आंधळी.

हा आंधळेपणा आजचा नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा भाजून निघाला. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं हिशेब बसविला, कीं मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे आजच्या मापानें अर्धा किलोहि भरत नाहीं. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडतां येते कीं नाहीं, हें खडी फोडणाऱ्याला कोणीं विचारलें नाहीं. हजारों मजूर तीं कामें सोडून चालते झाले. त्याच काळांत सत्यशोधक समाजानें पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळांत सांपडलेल्या मुलांच्या पोटाची सोय केली. एकीकडे भुकेल्याला न विचारतां त्याच्या भुकेचें माप ठरविणारे, दुसरीकडे भुकेल्याला पंगतींत घेऊन बसणारे. हे दोन मार्ग तेव्हांपासून चालत आले आहेत.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागताला हजार रुपये खर्चावे असा ठराव तेथें आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असें जोतीरावांनीं सांगितलें आणि ठरावाविरुद्ध मत दिलें. विरोधांत ते एकटेच होते. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत अभिमानानें सांगतों. परंतु एक विचार करीत नाहीं. जोतीराव एकटे उभे राहूं शकले, यांत त्यांचें मोठेपण तर होतेंच. शिवाय त्यांची भाकर त्या सभेंतील कोणाच्याहि हातीं नव्हती. ते स्वतः ठेकेदारी व व्यापार करीत. आज आपण ज्या मजूर बाईला कमिटीवर घेतों, तिची भाकर समोरच बसलेल्या माणसाच्या शेतांत असते. नवऱ्यानें मुकादमाकडून उचल घेतलेली असते. सोसायटीचें कर्ज थकलेलें असतें. ती अध्यक्षाविरुद्ध बोलली तर उद्यां तिला खुरपायला कोण बोलावील? तिचें मौन म्हणजे अडाणीपणा नव्हे. तो तिचा पोटाचा हिशेब आहे, आणि तो अगदीं बरोबर आहे.

येथें आपल्या चळवळीनें स्वतःला एक कडू प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या वाडवडिलांनीं खुर्चीसाठीं भांडण मांडलें तें उगीच नव्हे. लोकलफंडाचा पैसा शेतकऱ्यानें भरावा आणि तो कोठें खर्चावा हें दुसऱ्यानें ठरवावें, हा अन्याय त्यांना दिसत होता. शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर संस्थानांत मागासलेल्यांसाठीं निम्म्या जागा राखल्या. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदे कौन्सिलांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखीव झाल्या. ज्याचें दुःख त्याची जागा, हें तत्त्व आपलें. पुढें लोकलबोर्डें गेलीं, १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या, कारखाने आले, सोसायट्या आल्या. खुर्चीवर आपलाच भाऊबंद बसला. मग गरिबाला जागा मिळाली काय? वाड्यांतला माणूस बदलला, पण ओसरीवर उभा राहणारा तोच राहिला. जें तत्त्व आपण भटशाहीला ऐकविलें, तें आपल्या पाटलाला, चेअरमनाला आणि सरपंचाला ऐकविण्याची वेळ आली कीं आपली जीभ अडखळते. असें अडखळणारा सत्यशोधक कसला?

एक ताजा दाखला घ्या. २००२ सालीं दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची पाहणी झाली. प्रश्न १३, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण गुण ५२. जमीन किती, घर कसें, अंगावर कपडे किती, जेवण दोन वेळां मिळतें काय, कर्ज कशाकरितां काढलें, पोटासाठीं परगांवीं जावें लागतें काय, असे ते प्रश्न. ज्याला गुण कमी तो जास्त गरीब. मी आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, पण नापास होण्यासाठीं शहाण्यांनीं धडपड केलेली परीक्षा ती एकच! ट्रॅक्टरवाल्यांचीं नांवें यादींत चढलीं आणि पालांत राहणारे वगळले गेले, अशा तक्रारी गांवोगांव ऐकूं आल्या. गावकऱ्यांनीं डोळ्यांत तेल घालून बसावें अशी ती वेळ होती. पण यादीचें वाचन ऐकायला गरीब होता कोठें?

आतां ग्रामसभेची एक युक्ति सांगतों. ती प्रत्येकानें समजून घ्यावी. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणें ग्रामसभेला गांवच्या मतदारांपैकीं १५ टक्के किंवा १०० माणसें, यांत जी संख्या कमी असेल तेवढी हजर पाहिजे. तेवढीं आलीं नाहींत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला संख्येची अट नाहीं! म्हणजे पहिली सभा अशा वेळीं ठेवावी कीं मजूर येऊंच नये, ती तहकूब करावी, आणि मग चार घरच्या चार जणांनीं बसून घरकुलाची, रस्त्याची, विहिरीची यादी पास करावी. कायद्याचें कलम मोडावें लागत नाहीं, आणि गरिबाचें घर मात्र मोडतें. ही युक्ति चालते ती आपल्या गैरहजेरीवर. आपण घरीं बसलों तर शंभरांतला एक आपल्याच हातानें कमी करतों.

"गरिबाला कमिटींतलें काय कळतें?" असें विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना सोलापूरच्या मागवाल्यांची आठवण द्यावी. १८९६-९७ च्या दुष्काळांत येथील विणकरांना खडीच्या कामावर न धाडतां त्यांच्याच धंद्याचें काम देण्याची सोय करण्यांत आली. ज्याचीं बोटें सुतावर चालतात त्याच्या हातीं हातोडा दिला तर खडी धड फुटत नाहीं आणि बोटेंहि जातात, हें मागावर बसणाऱ्याला शिकवावें लागत नाहीं. आपल्या राज्यांत वि. स. पागे यांनीं १९६५ च्या सुमारास तासगांव तालुक्यांतील विसापुरांत मागेल त्याला काम हा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें अशा कामांवर जगलीं. १९७७ सालीं त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. या योजनेचें मर्म एवढेंच, कीं काम हवें कीं नको हें साहेबानें ठरवावयाचें नाहीं. मागणाऱ्यानें मागावयाचें आणि सरकारनें द्यावयाचें. गरिबाच्या मागणीला अक्कल आहे असें मानल्यावर केवढें काम उभें राहतें, तें आपल्या पाझर तलावांवर आणि बांधांवर आजहि दिसतें.

गरीब एकटा बोलूं शकत नाहीं, मग काय करावें? याचें उत्तर आपल्या सोलापुरांतच आहे. शहराजवळ कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें दहा हजार घरें उभीं केलीं. गोदूताई परुळेकर यांचें नांव त्या संस्थेला आहे, आणि २००६ सालीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्तें तीं घरें दिलीं गेलीं. कांहीं वाटा केंद्राचा, कांहीं राज्याचा, आणि कांहीं त्या बाईच्या स्वतःच्या पदरचा. पुढें तेथेंच रे नगर वसलें. त्यांतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान मोदी यांच्या हस्तें मिळालीं. या कामामागें लाल बावट्याची युनियन आणि नरसय्या आडम यांची अनेक वर्षांची खटपट होती. लाल बावट्याशीं आपला मतभेद असेल तर तो असूं द्या. परंतु खरें तें खरें म्हणावें. हजार विड्यांच्या मजुरीवर जगणारी बाई एकटी कचेरींत गेली असती तर शिपायानें तिला दारांतून परत लावलें असतें. दहा हजार बायका एका संस्थेच्या सभासद झाल्यावर दोन पंतप्रधान त्यांच्या दारीं आले. कमिटीवरच्या गरिबाच्या पाठीमागें संघटना असली म्हणजे त्याची भाकर कोणाच्या एकट्याच्या हातीं राहत नाहीं, आणि मग त्याला कंठ फुटतो.

सातासमुद्रापलीकडेहि हाच वाद झाला. अमेरिकेनें १९६४ सालीं गरिबीशीं लढण्याचा कायदा केला आणि गांवोगांव कमिट्या नेमल्या. त्यांत गरिबांचा होतां होईल तेवढा सहभाग असावा असें लिहिलें. गरीब खरोखरच बोलूं लागले, तेव्हां तेथील नगराध्यक्षांना पोटशूळ उठला. १९६७ सालीं कायदा दुरुस्त होऊन वाटणी ठरली: एक तृतीयांश लोकनियुक्त पुढारी, निदान एक तृतीयांश गरिबांचे प्रतिनिधि, आणि बाकीचे व्यापारी व संस्थांचे लोक. पुढाऱ्यांचा हात वर राहिला, तरी गरिबाची तिसरी खुर्ची कोणाला काढतां आली नाहीं. एवढ्या श्रीमंत मुलखांतहि ती खुर्ची भांडूनच मिळवावी लागली. मग आपण ती कोणी आणून देईल म्हणून वाट पाहत बसावें काय?

म्हणून प्रत्येक गांवांतील शेतकरी, मजूर व कारागीर घरांनीं पुढील पांच गोष्टींचा आग्रह धरावा. यांतील एकीलाहि पैसा लागत नाहीं.

१. कोणत्याहि कमिटीची सभा मजुराचें रोज सुटल्यावर, संध्याकाळीं भरावी. आदल्या दिवशीं दवंडी द्यावी, आणि ती गावठाणापुरती न देतां वस्त्यांवर, पालांवर व सर्व वाड्यांतून द्यावी.

२. लिहिलेला ठराव मोठ्यानें वाचून दाखविल्याशिवाय कोणींहि सही करूं नये, अंगठा देऊं नये. कोऱ्या कागदावर तर मुळींच नाहीं. वही घरीं घेऊन येणाऱ्याला, मग तो मास्तर कां असेना, दारांतून परत पाठवावें.

३. कमिटीवर गरीब घरचा एक सभासद घेऊं नये. तीन घ्यावे, आणि त्यांत दोन बायका असाव्यात. एकटा गडी भितो, तिघें एकमेकांच्या धीरानें बोलतात. बचत गटाच्या बायकांनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहावें.

४. मोठ्या ग्रामसभेआधीं स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असें कायदाच सांगतो. ती कागदावर न घेतां खरोखर घ्यावी, आणि तेथें ठरलेलें मोठ्या सभेंत वाचावें.

५. घरकुल, रेशन किंवा कोणत्याहि मदतीची यादी चावडीच्या भिंतीवर लावावी, आणि मोठ्यानें वाचावी. ज्याचें नांव चुकून चढलें असेल त्यानें स्वतः उठून तें खालीं उतरवावें. आपला भाऊबंद असला तरी त्याला हें सांगण्याचें धैर्य आपल्याला पाहिजे.

माझ्यासारख्या शिक्षकांना आणि गांवच्या लिहित्या माणसांना एक निराळी विनंती आहे. लेखणी आपल्या हातीं आहे. ज्या लेखणीनें आपल्या पूर्वजांना अडाणी ठेवून लुटलें, तीच आतां आपल्या खिशांत आली आहे. तिनें आपण काय लिहितों याचा जाब आपल्याला जोतीरावांच्या तसबिरीपुढें उभें राहून रोज द्यावा लागतो. हार घालणें सोपें आहे. सभेंत मजूर बाईनें सांगितलेलें, तिच्याच शब्दांत, आपल्याला अडचणीचें असलें तरी वहींत उतरविणें कठीण. मीं तें बरेच महिने केलें नाहीं, म्हणून लिहितों.

आणि कष्टकरी बंधुभगिनींनो, तुम्हांला एवढेंच सांगणें. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशीं गांवांत ग्रामसभा भरण्याचा प्रघात आहे. यांतील जी पहिली येईल तिला जा. एकटे जाऊं नका; शेजारणीला हांक मारा, सालगड्याला बरोबर घ्या. पहिल्या वेळीं बोलतां आलें नाहीं तरी चालेल. पण वही पुढें आली म्हणजे त्या बाईसारखें एकच वाक्य म्हणा: आधीं वाचून दाखवा.

सत्यमेव जयते.

— एक खेड्यांतील शिक्षक, जि. सोलापूर